‘द वॉर्म्थ ऑफ द सन’ पाच आवाजांत बसवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन पुरुष आणि दोन स्त्रिया असा पाच हौशी गायकांचा गट आहे, सगळ्यांची हिंदुस्थानी संगीताची थोडीफार तालीम झालेली आहे, आणि आता पाश्चात्त्य पद्धतीचे बहुस्वरी गाणे बसवायचे आहे. ‘द बीच बॉइज’ या गटाची गाजलेली गाणी सगळेच गातात, म्हणून त्यांचे सहसा न गायले जाणारे, हळुवार असे एक गाणे सुचवावे, ते मागे का पडले ते सांगावे आणि ते कसे बसवावे याचेही मार्गदर्शन करावे. मी गेली अनेक वर्षे कॉयर आणि छोटे गायनगट शिकवते. या प्रश्नाला माझे उत्तर एकच आहे, ‘द वॉर्म्थ ऑफ द सन’. तीन मिनिटांहून थोडे कमी लांबीचे हे गाणे आहे. वरवर पाहता त्यात काहीच घडत नाही, आणि बसवायला घेतले की पहिल्या दहा मिनिटांतच गट अडतो. तो नेमका कुठे अडतो, हे कळणे म्हणजेच हे गाणे कळणे, असे माझे मत आहे.

बीच बॉइजची ओळख मोजक्या शब्दांत करून देते. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न या गावातले ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे विल्सन बंधू, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डीन यांनी १९६१ मध्ये हा गट सुरू केला. समुद्राच्या लाटांवरचे सर्फिंग, मोटारी, मुली आणि उन्हाळ्याची सुट्टी हे त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांचे विषय होते, आणि त्या विषयांनी त्यांची जी प्रतिमा घडवली ती आजही पुसली गेलेली नाही. गंमत अशी की या पाचांत खरोखर सर्फिंग करणारा एकटा डेनिस होता. चाली आणि स्वररचना प्रामुख्याने ब्रायनच्या होत्या, आणि ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हते. दोन्ही कान शाबूत असलेल्या आपल्यासारख्यांनी हे अधूनमधून आठवावे, एवढ्यासाठीच त्याचा उल्लेख करते.

हे गाणे मागे का पडले याचे पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. त्या काळी गाणी मिनिटाला ४५ फेऱ्या घेणाऱ्या छोट्या तबकडीवर निघत. तिच्या एका बाजूला रेडिओवर वाजावे असे दणदणीत गाणे असे आणि दुसऱ्या बाजूला, म्हणजे बी-साइडला, उरलेले. बीच बॉइजच्या तबकड्यांची यादी पाहिली तर त्यांची हळवी गाणी पुन्हा पुन्हा मागच्या बाजूला गेलेली दिसतात. १९६३ मधले ‘इन माय रूम’ हे ‘बी ट्रू टू युवर स्कूल’च्या मागे होते, १९६४ मधले ‘डोन्ट वरी बेबी’ हे ‘आय गेट अराउंड’च्या मागे होते, आणि १९६५ मध्ये ‘प्लीज लेट मी वंडर’ व ‘किस मी, बेबी’ ही दोन्ही गाणी अशीच दुसऱ्या गाण्यांच्या पाठीवर बसून बाहेर आली. फार काय, १९६६ मध्ये ‘गॉड ओन्ली नोज’सुद्धा अमेरिकेत बी-साइडच होते. यांतली काही गाणी मागच्या बाजूवरूनही पुढे आली, पण ‘द वॉर्म्थ ऑफ द सन’च्या वाट्याला ते भाग्य आले नाही. मार्च १९६४ मध्ये ते ‘शट डाउन व्हॉल्यूम २’ या अल्बममध्ये आले. हे नावही मोटारींच्या शर्यतीचेच आहे. पहिल्या बाजूवर ज्या गाण्यानंतर ते वाजते, त्यात माइक आणि ब्रायन एकमेकांना टोमणे मारत लुटुपुटीचे भांडण करतात आणि त्याला गाणे म्हणणेही धाडसाचे आहे. मग ऑक्टोबरमध्ये ते ‘डान्स, डान्स, डान्स’च्या मागच्या बाजूला गेले. पुढची बाजू अमेरिकेच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचली आणि मागची बाजू ज्यांनी तबकडी उलटवली त्यांच्यापुरती राहिली.

दुसरे कारण काळाचे आहे. हे गाणे जानेवारी १९६४ मध्ये हॉलिवूडच्या वेस्टर्न रेकॉर्डर्स या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले, आणि पुढच्याच महिन्यात बीटल्स अमेरिकेत उतरले. दोन्ही गट अमेरिकेत कॅपिटल या एकाच कंपनीचे होते. अशा धामधुमीत अल्बममधल्या पाचव्या क्रमांकाच्या संथ गाण्याकडे लक्ष देण्याची सवड कोणाला असणार?

गाण्याच्या जन्माची कथा मात्र चाहत्यांमध्ये चांगलीच परिचित आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. ब्रायन आणि माइक या दोघांनीही हे गाणे त्याच सुमारास एकत्र लिहिल्याचे सांगितले आहे, पण ते बातमी कळण्याच्या आधी लिहिले की नंतर, याबाबत त्यांच्या आठवणी जुळत नाहीत. माझ्या दृष्टीने या वादाला फारसे महत्त्व नाही, कारण शब्दांत अध्यक्षांचा, देशाचा किंवा मृत्यूचा कुठेही उल्लेख नाही. प्रेयसी सोडून गेलेला एक तरुण पहाटेला, दिवसाला आणि सूर्यास्ताला काय अर्थ उरला असे विचारतो, आणि तरीही रात्री आपल्या आत उन्हाची ऊब शिल्लक आहे असे म्हणतो, एवढाच त्याचा आशय आहे. चाल रचणारा ब्रायन तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी कार्लला सतरावे वर्ष नुकतेच पूर्ण झाले होते. शब्द साधे आहेत, काही ठिकाणी तर शाळकरी वहीतले वाटावेत इतके साधे आहेत. म्हणूनच शब्दांवर जोर देऊन हे गाणे गायले की ते हमखास पडते. त्यातली हळवी जागा स्वरांच्या रचनेत आहे, आणि तिच्याकडेच आपण जाऊ.

ब्रायनने बहुस्वरी रचनेचे धडे प्रामुख्याने ‘द फोर फ्रेशमेन’ या जॅझ गायकांच्या चौकडीकडून घेतले, तेही समोर बसून नव्हे, तर त्यांच्या तबकड्या ऐकून आणि पियानोवर एकेक आवाज शोधून. त्या चौकडीत आवाज एकमेकांच्या अगदी जवळ ठेवलेले असतात, इतके की कोणता स्वर कोणाचा हे ओळखणे कठीण जावे. त्याच्या जोडीला रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून गायल्या जाणाऱ्या डू-वॉप गाण्यांची परंपरा होती, आणि तिची एक ठरलेली चार कॉर्डची, म्हणजे एकाच वेळी लागणाऱ्या स्वरांच्या चार जुळण्यांची, वाट होती. आपल्या सोयीसाठी पांढरी एक ही पट्टी धरू आणि कॉर्डना त्यांच्या मूळ स्वराचे नाव देऊ. मेजर कॉर्डमध्ये मधला स्वर मूळ स्वरापासून शुद्ध गंधाराइतका वर असतो, मायनरमध्ये कोमल गंधाराइतका. ती जुनी वाट अशी आहे: प्रथम ‘सा’ची मेजर कॉर्ड, मग ‘ध’ची मायनर, मग ‘म’ची मेजर, शेवटी ‘प’ची मेजर, आणि पुन्हा ‘सा’. पन्नाशीच्या दशकातली शेकडो प्रेमगीते या वाटेवरून गेली आहेत. ‘द वॉर्म्थ ऑफ द सन’ही तिच्यावरच निघते. ‘सा’ची मेजर येते, ‘ध’ची मायनर येते, आणि कान आता ‘म’ची वाट पाहू लागतो.

तिथे ब्रायन ‘म’ देत नाही. तो ‘कोमल ग’ची मेजर कॉर्ड देतो आणि तिच्या पाठोपाठ ‘सा’ची मायनर. म्हणजे पहिल्या दोन कॉर्डची जी जोडी होती, एक मेजर आणि तिची सोबतीण मायनर, तीच जोडी त्याने जशीच्या तशी उचलून कोमल गंधारावर नेऊन ठेवली. मग ‘रे’ची मायनर आणि ‘प’ची मेजर घेऊन तो परतीच्या रस्त्याला लागतो. पहिली कॉर्ड सा-ग-प आहे आणि चौथी कॉर्ड सा-कोमल ग-प आहे. दोन्हींचा षड्ज तोच आणि पंचम तोच, फक्त मधला गंधार उतरलेला. तीन कॉर्डचा वळसा घालून आपण पुन्हा त्याच घरी आलो आहोत, पण घरातला दिवा कोणीतरी मंद केला आहे.

आता शब्द कुठे पडतात ते पाहावे. पहाटेची ओळ ‘सा’च्या मेजरवर येते आणि दिवस वर चढतो ती ओळ ‘ध’च्या मायनरवर. सूर्यास्ताचा उल्लेख येतो तो नेमका कोमल गंधाराच्या कॉर्डवर, आणि असे जगण्यात काय अर्थ आहे ही ओळ ‘सा’च्या मायनरवर. उन्हाच्या उबेचा उल्लेख होतो तेव्हा चाल ‘रे’वर आलेली असते. हे ठरवून केले की आपोआप झाले, हे मला सांगता येणार नाही आणि त्याने काही बिघडतही नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना मी या सहा कॉर्डमधून दोन ओळी वेगळ्या काढून दाखवते. पहिली ओळ उतरती आहे: ग, ग, कोमल ग, कोमल ग, रे, रे. सहा कॉर्डना अनुक्रमे हे सहा स्वर लागतात आणि प्रत्येक स्वर त्या कॉर्डचा घटकच असतो. दुसरी ओळ चढती आहे: मंद्रातला प, ध, कोमल नी, मग मध्यातला सा, आणि रे. पहिल्या ओळीतला आवाज उतरत उतरत ‘रे’वर येतो, दुसऱ्या ओळीतला आवाज चढत चढत ‘रे’वर येतो, आणि पाचव्या कॉर्डला, म्हणजे उबेच्या शब्दाशी, दोघे एकाच स्वरावर भेटतात. मूळ ध्वनिमुद्रणात प्रत्येक गायक अगदी याच ओळी गातो असा माझा दावा नाही. या ओळी कॉर्डच्या पोटात आहेत आणि पाच आवाजांच्या गटाला त्या थेट वापरता येतात, एवढेच माझे म्हणणे आहे. आपल्या गटातल्या दुसऱ्या गायिकेला उतरती ओळ द्यावी आणि पुरुषांतल्या सर्वांत उंच आवाजाला चढती. तिसऱ्या पुरुषाने खर्जात कॉर्डचे मूळ स्वर धरावेत, आणि उरलेल्या आवाजाने प्रत्येक कॉर्डमध्ये जो स्वर राहिला असेल तो भरावा. मुख्य चाल पहिल्या गायिकेकडे.

तालमीचा क्रम मी उलटा ठेवते. बहुतेक गट आधी चाल पाठ करतात आणि मग तिच्याभोवती बाकीचे आवाज चिकटवतात. या गाण्यात तसे केले तर मधले आवाज कायम चालीच्या आधाराने चाचपडत राहतात. म्हणून पहिल्या दोन बैठकांत चाल गायचीच नाही. फक्त उतरती आणि चढती ओळ घ्यावी, शब्दांशिवाय, तोंड जेमतेम उघडून ‘ऊ’ या स्वरात. आपल्या मंडळींना याचा कंटाळा येईल, कारण आपल्याकडे गाणे म्हणजे चाल हीच सवय कानाला असते, आणि दोन-दोन कॉर्ड एकाच स्वरावर थांबायचे म्हणजे काही केलेच नाही असे वाटते. मांडो ऐकत किंवा गात वाढलेल्या गोव्यातल्या गायकांना ही अडचण कमी येते, कारण चालीला दुसरा आवाज जोडण्याची त्यांना लहानपणापासून सवय असते. पण त्यांच्यासाठी वेगळी सूचना आहे. तिथे दुसरा आवाज बहुधा चालीच्या बरोबरीने, तिसऱ्या स्वराचे अंतर राखून चालतो. इथे दोन आवाज एकमेकांच्या उलट दिशेने चालतात, आणि बरोबरीने चालण्याची सवय जिभेवर असेल तर चढता आवाज नकळत उतरू लागतो.

तानपुऱ्याचा एक चांगला उपयोग इथे करता येतो. पहिल्या चारही कॉर्ड सा-पच्या तानपुऱ्यावर सुखाने बसतात, कारण त्यांतल्या प्रत्येक कॉर्डमध्ये षड्ज आणि पंचम यांपैकी निदान एक स्वर असतो. म्हणून तानपुरा लावून फक्त या चार कॉर्ड पुन्हा पुन्हा गाव्यात आणि गंधार शुद्धावरून कोमलावर जातो त्या क्षणी सगळ्यांनी कान द्यावा. आपल्या कानाला हे बदलणारे गंधार ओळखीचे आहेत, फक्त ते वेगळ्या रागांत भेटण्याची सवय आहे. पाचव्या कॉर्डला तानपुरा घासू लागतो, कारण ‘रे’च्या मायनरचे स्वर सा-पला टेकत नाहीत. तिथे तो बंद करावा आणि बाकीचा भाग पियानोवर किंवा कीबोर्डवर घ्यावा. हार्मोनियम असेल तरी चालेल, पण भाता हलका ठेवावा.

खर्जातल्या आवाजासाठी सर्वांत अवघड जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉर्डच्या मध्ये आहे. मंद्र धैवतावरून थेट मध्यातल्या कोमल गंधारावर उडी मारायची आहे. हे अंतर सप्तकाच्या बरोबर अर्धे, म्हणजे सहा अर्धस्वरांचे आहे आणि कोणत्याही ओळखीच्या चालीत ते सहज भेटत नाही. या दोन कॉर्डमध्ये एकही स्वर सामाईक नाही, त्यामुळे आधार घ्यायला शेजारीही कोणी स्थिर नसते. गट अडतो तो इथेच. खर्जाच्या गायकाने मनातल्या मनात मधला षड्ज गाऊन मग कोमल गंधार घ्यावा, म्हणजे ध-सा-कोमल ग असा जिना तयार होतो. पुरेशा सरावानंतर मधली पायरी आपोआप गळून पडते.

आता आपल्या तालमीतून येणाऱ्या दोन सवयींबद्दल. शुद्ध गंधारावरून कोमल गंधारावर येताना मींड घेण्याचा मोह होईल, तो टाळावा. स्वर सरळ बदलला पाहिजे, जसा पियानोची पट्टी बदलते तसा, कारण पाच आवाजांपैकी एक जरी घसरत आला तरी मधल्या काळात कॉर्ड ना मेजर राहते ना मायनर. दुसरे म्हणजे या कोमल गंधाराला दरबारीतल्या गंधाराची वागणूक देऊ नये. तिथे तो अतिकोमल आणि आंदोलित असतो आणि त्यातच त्याचे वैभव आहे. इथे तो तिसऱ्या कॉर्डचा पाया आहे, आणि पाया हलला की वरचे मजले हलतात. माझ्या एका गटात उत्तम तयारीची एक गायिका होती. तिचा कोमल गंधार एकटीने ऐकला की अंगावर काटा येई, आणि पाचांत मिसळला की सगळे बेसूर वाटे. तिला ही गोष्ट पटायला एक महिना लागला, आणि पटल्यावर तिने तक्रार केली की आपल्याला आता काहीच गायला उरलेले नाही. मी म्हटले, बरोबर आहे.

मुख्य आवाजाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. मूळ गाण्यात ब्रायन गातो आणि त्याचा आवाज वरच्या स्वरांत फॉल्सेटोत जातो, म्हणजे पुरुषाने नैसर्गिक जोर सोडून वापरलेला तो पातळ, उंच आवाज. आपल्याकडे हा भाग स्त्रीच्या आवाजाला सहज पेलेल, पण त्यामुळेच एक धोका आहे. ब्रायनच्या आवाजात वरच्या स्वराशी पोहोचताना जी नाजूक असुरक्षितता ऐकू येते ती स्त्रीच्या आवाजात आपोआप येत नाही, कारण तो स्वर तिच्या मुक्कामाचाच असतो. ती अभिनयाने आणू नये. कंप, उसासे, शब्दांमध्ये भरलेला श्वास हे सारे इथे वर्ज्य समजावे. आवाज हलका ठेवावा, प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर लांबवण्याऐवजी मागच्या आवाजांच्या हाती सोडून द्यावे, आणि वरचे स्वर खालच्या स्वरांपेक्षा मोठे होऊ देऊ नयेत. सर्वसाधारण शिस्त अशी ठेवावी की मुख्य गायिकेला मधले दोन्ही आवाज सतत ऐकू आले पाहिजेत. ऐकू आले नाहीत तर ती मोठ्याने गाते आहे.

लय संथ आहे. चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे तीन भाग, असा तिचा हिशोब आहे. संथ दादऱ्यात मिळतो तसा झोका तिच्यात आहे, पण सम दाखवण्याची सवय इथे उपयोगाची नाही. पहिला ठोका आपटला की पाळणा जमिनीला टेकल्यासारखे वाटते. साथीला तबला घेऊ नये. गिटार पुरे आहे, आणि तीही नसली तरी माझी हरकत नाही.

ऐकण्यासाठी शक्यतो मोनो आवृत्ती निवडावी. ब्रायन त्या काळात मोनोसाठीच मिश्रण करत असे आणि त्यात आवाज एका गोळ्यासारखे एकत्र येतात. स्टीरिओत ते वेगवेगळ्या बाजूंना सरकतात, आणि अभ्यासाला ते सोयीचे असले तरी परिणाम पातळ होतो. इतरांनीही हे गाणे घेतले आहे. १९९६ मध्ये गटाने कंट्री गायकांबरोबर एक अल्बम केला, त्यात विली नेल्सन हे गाणे गातो, आणि त्याच्या वाळलेल्या, सावकाश बोलल्यासारख्या आवाजात ते तरुणाचे न राहता म्हाताऱ्याचे गाणे होते. तो प्रयोग मला आवडतो. दुसरी आवृत्ती कुतूहलापुरती आहे. विल्सन बंधूंचे वडील मरी विल्सन हे सुरुवातीला गटाचे व्यवस्थापक होते आणि १९६४ मध्ये मुलांनीच त्यांना त्या कामावरून दूर केले. १९६७ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने वाद्यसंगीताचा एक अल्बम काढला आणि त्यात हीच चाल घेतली. संगीताच्या दृष्टीने तो अल्बम ऐकलाच पाहिजे असे नाही, पण मुलाशी इतके बिनसल्यावरही बापाने नेमकी ही चाल निवडली, याचा मला अधूनमधून विचार पडतो.

आता शेवटाची अडचण. ध्वनिमुद्रणात गाणे संपत नाही, ते हळूहळू विरत जाते आणि ब्रायनचा वरचा आवाज दूर जात राहतो. रंगमंचावर हे करता येत नाही. पाच माणसे एकदम हळू झाली तर कोणीतरी ध्वनिवर्धकाची कळ फिरवली असे वाटते. मी अनेक उपाय करून पाहिले. त्यांतला एक टिकला आहे. शेवटच्या फेरीत आवाज एकेक करून थांबवावेत, आधी खर्ज, मग भरणीचा आवाज, मग चढती ओळ. शेवटी मुख्य गायिका षड्जावर आणि दुसरी गायिका गंधारावर अशा दोघीच उरतात. गंधार शुद्ध असावा. तो धरून दुसरी गायिका चार ठोके थांबेल आणि मग सोडेल, मुख्य गायिका तिच्यानंतर एक ठोका अधिक थांबेल. श्वास संपण्याच्या आधीच सोडायचे आहे, हे दोघींनाही तालमीत पुन्हा पुन्हा सांगावे लागेल.